मागचा उजवा कोपरा

मेलितोन युक्रा माझ्या खाणावळीत जेवायला आला की दोन सुपं मागायचा. एक स्वतःपुढे ठेवायचा आणि दुसरं समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे. पहिल्या दिवशी मला वाटलं, सकाळपासून मिठाच्या विटा तोडून आलाय, पोटात आग पडली असेल. पण त्याने आपलं सूप संपवलं, तोंड पुसलं, समोरच्या वाडग्याकडे बघून "चल, निघू या" म्हणाला आणि टोपी घालून चालता झाला. दुसरं वाडगं जसंच्या तसं.

"कोंपाद्रे, हे काय?" मी दारातून ओरडले. "माझं अन्न काय वाऱ्यावर आलंय?"

"रागावू नकोस, कोमाद्रे. त्याला तुझ्या हातचंच आवडतं," तो गाडीत चढत म्हणाला.

मी अन्न टाकणाऱ्यातली नाही. वाडगं उचललं आणि स्वतःच प्यायला बसले. एक घोट घेतला आणि चमचा खाली ठेवला. सुपात मीठ नव्हतं. त्याच पातेल्यातलं सूप मी अर्ध्या गावाला वाढलं होतं आणि कुणी हूं की चूं केलं नव्हतं. आमचं कोल्चानी गाव मिठावर जगतं. इथे भिंतीत मीठ, अंगणात मीठ, झोपेतून उठलं तरी ओठांवर मीठ. अळणी सूप माझ्या हातून जन्मात झालेलं नाही. पातेल्यातलं चाखलं, ते अगदी बरोबर होतं. मेलेल्यापुढे ठेवलेल्या अन्नाची चव तो घेऊन जातो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी ते सूप कुत्र्याला घातलं. कुत्र्याने हुंगलं आणि ते शेपूट पाडून निघून गेलं.

मेलितोनला वेडा ठरवायची सोय नव्हती. त्याच्याइतका रुक्ष, हिशोबी आणि कंटाळवाणा माणूस उभ्या गावात सापडला नसता. बुटका, गाल उन्हाने करपलेले, काळ्या चष्म्याची एक काडी तारेची. सालारवर, म्हणजे आमच्या मिठाच्या मैदानावर, पहाटे जायचं, कुऱ्हाडीने विटा पाडायच्या, पिकअपच्या हौद्यात रचायच्या आणि भट्टीवाल्यांना द्यायच्या. मधूनमधून पलीकडच्या काठावरच्या गावांना माणसं पोचवायची. दारू बेताची, बोलणं त्याहून बेताचं. भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की तो उठून जायचा. एकदा मैदानात दूरवर माणूस उभा दिसतोय म्हणून आख्खं गाव धावत सुटलं होतं, तेव्हा हा एकटा बसून राहिला. "बाटली असेल," म्हणाला. बाटलीच होती, बीअरची. त्या पांढऱ्यावर काय केवढं आणि किती लांब, हे डोळ्यांना कळत नाही. लोक तोंड पाडून परत आले आणि हा कुऱ्हाडीला धार लावत होता.

असा माणूस रिकाम्या खुर्चीला सूप पाजू लागला, म्हणून तर मला जास्त भीती वाटली.

निकानोर हा त्याचा धाकटा भाऊ. थोरला जितका मुका, तितका हा बडबड्या. मला तर छळायचाच. "कोमाद्रे बासिलिया, तुझ्या सुपातलं मांस शोधायला दुर्बीण दे ना गं!" असं भर खाणावळीत ओरडायचा आणि तीन वाडगी रिचवायचा. ती पिकअप मुळात त्याची. इकिकेच्या बंदरात जुन्या जपानी गाड्या उतरतात, त्यातली एक त्याने आणली होती. स्टिअरिंग मूळचं उजवीकडे, ते काढून डावीकडे बसवलेलं, आणि उजवीकडे उरलेल्या भोकावर त्याने मारियाआईची तसबीर चिकटवली होती. लोकांच्या मुलांना धर्ममाता असते. आमच्याकडे गाडीलाही असते, आणि त्या पिकअपची धर्ममाता मी. कार्निव्हलच्या मंगळवारी मी तिच्या बॉनेटवर बीअर ओतली, चाकांवर दारू शिंपडली, रंगीत कागदाचा चुरा उधळला. त्या दिवसापासून दोन्ही भावांची मी कोमाद्रे झाले आणि ते माझे कोंपाद्रे.

सालारवर गाडी घालायची तर पोटाखाली लामाची चरबी आणि जळकं तेल कालवून फासावं लागतं, नाहीतर मीठ लोखंड खातं. हे सगळेच करतात. निकानोर तर हात कोपरापर्यंत बुडवून फासायचा. आणि विधी झालेली गाडी धुवायची नाही, हेही सगळेच पाळतात. बीअर, कागद, दारू, जे चिकटलं असेल ते आपोआप गळायला हवं. धुतलं की नशीब वाहून जातं. म्हणजे दरवर्षी मिठावर चरबी, चरबीवर मीठ, त्यावर पुन्हा चरबी. वरून गाडीचं पोट कसं काळंभोर, तुकतुकीत दिसायचं. आत काय चाललंय ते बघायचा कुणाला विचार शिवला नाही. मलाही नाही.

तीन वर्षांपूर्वी, कार्निव्हल झाल्यावरच्या पावसात, निकानोर एकटाच पलीकडे निघाला. मैदानावर घोट्यापर्यंत पाणी होतं. अशा दिवसांत आभाळ वर असतं आणि खालीही असतं, मधे रेघ नसते. दोन दिवसांनी मेलितोनला पिकअप सापडली. पुढच्या डाव्या चाकाचा बॉल जॉइंट तुटून चाक पोटाखाली दुमडलं होतं. दार उघडं, सीटवर जाकीट, जेवणाचा डबा रिकामा. निकानोर नव्हता. पाण्यात पाऊलखुणा राहत नाहीत. गाडी सोडून चालत सुटू नये, हे तो इतरांना शिकवायचा, तरी चालत सुटला. त्याला कुठला काठ जवळ दिसला, देव जाणे. मैदानाला डोळे असतात, म्हणजे मिठाच्या सालीला पडलेली भोकं, खाली अथांग पाणी. आम्ही महिनाभर शोधलं. एक बूटही मिळाला नाही.

शोध थांबवल्याच्या आठव्या दिवशी ओढ्यावर त्याचे कपडे धुऊन जाळले. मेलेल्याचे कपडे धुतल्याशिवाय तो घर सोडत नाही. बायकोने, एउसेबियाने, शेवटचा सदरा पिळून माझ्या हातात दिला तेव्हा तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. "माणूस नाही, मग रडू कशावर?" म्हणाली.

पिकअप मेलितोनने ओढत आणली, जॉइंट बदलून घेतला आणि चालवू लागला. खाली मात्र कुणाला बोट लावू देईना. ती चरबी निकानोरच्या हातची शेवटची होती.

पुढच्या वर्षी कधीतरी गाडी कलली. मागचा उजवा कोपरा वीतभर खाली बसला. रिकामी उभी असली तरी त्या कोपऱ्यात कुणीतरी टेकून बसल्यासारखी दिसे. त्याला ताता, म्हणजे बाबा, म्हणणारी पोरं आधी थट्टा करायची, "ताता मेलितोन, मागे कोण बसवलंय?" मग थट्टा बंद झाली. दुपारच्या झळांतून गाडी येते तेव्हा ती आधी हवेत तरंगताना दिसते, कधी उलटी, कधी दोन दोन. एका दुपारी मी दारात बटाटे सोलत होते आणि ती लांबून येताना दिसली. हौद्यात, मागच्या उजव्या कोपऱ्यात, एक काळा ठिपका होता. बसलेल्या माणसाएवढा. मी डोळे चोळले, ठिपका होताच. गाडी दारापुढे थांबली तेव्हा हौद्यात मिठाच्या विटांखेरीज काही नव्हतं. मी छातीवर क्रूस काढला आणि आत जाऊन कारण नसताना मोलकरणीवर खेकसले.

त्या कोपऱ्याचं मेलितोनला नवल नव्हतं. त्यांचा बाप मिठाचा ट्रक चालवायचा आणि दोन्ही पोरं हौद्यात बसायची. निकानोर नेहमी मागच्या उजव्या कोपऱ्यात, मागे पळणारा रस्ता बघत. आमच्याकडे हौद्यातल्या माणसाची भाषा ठरलेली आहे. पत्र्यावर एक थाप म्हणजे थांब, मला उतरायचंय. दोन थापा म्हणजे उतरलो, आता तू जा. अख्ख्या मुलखात ड्रायव्हर तेवढ्यावर गाडी हाकतात.

मी एकदा त्याच्याबरोबर ताहुआला बहिणीकडे गेले होते. निम्म्या वाटेवर खालून आवाज आला. ठक. मेलितोनने लगेच गाडी थांबवली, खाली उतरला, मागचं फळकूट उघडून उभा राहिला. आजूबाजूला काय होतं? काही नव्हतं. झाड नाही, दगड नाही, पक्षी नाही. थोड्या वेळाने फळकूट लावून तो परत आला.

"कुणासाठी थांबलास रे?"

"त्याने थाप मारली. तू ऐकली नाहीस?"

मी ऐकली होती. पण मी म्हटलं, "काहीतरी सैल झालंय. सिरियाकोला दाखव."

"उतरायचं म्हणतो आणि उतरत नाही," मेलितोन म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, समाधान होतं. त्या माणसाला मी इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं.

सिरियाको हा उयुनीतला मेकॅनिक. बकऱ्याएवढा शहाणा आणि बकऱ्यासारखाच तापट. मी मेलितोनला सुपाची आण घालून त्याच्याकडे नेलं. सिरियाको गाडीखाली शिरला आणि तिथूनच ओरडला, "ताता, हे कमानीच्या स्प्रिंगचे पाटे आहेत की चरबीचं दुकान? मागच्या उजव्या कमानीत एक तरी पाटा तुटलेला असणार. खरवडू द्या, मग सांगतो."

त्याने खरवडायला पट्टी लावली तोच मेलितोन खाली वाकला आणि त्याचं मनगट धरलं. सोडेचना. "हात लावायचा नाही."

"अहो, मेन पाटा गेला असेल तर एक्सल मागे सरकेल, चाक हौद्याला घासून जाम होईल. आज होईल, नाहीतर पुढच्या वर्षी होईल. भर सालारवर झालं तर काय कराल? तुमच्या भावाने काय केलं ते ठाऊक आहे ना?"

"कमान सरळ केलीस तर तो कुठे बसेल?" मेलितोनने विचारलं.

सिरियाको गाडीखालून बाहेर आला. आम्ही निघताना त्याने माझ्या पिशवीत ट्यूबच्या रबरी पट्ट्यांचं भेंडोळं कोंबलं. "सीटखाली टाकून ठेवा, कोमाद्रे, काही तुटलंच तर बांधायला. आणि शक्यतो त्या गाडीत बसू नका."

मेलेल्यांचा सण जवळ आला. तीन वर्षं मेलेल्याचं ताट मांडायचं, पावाच्या बाहुल्या भाजायच्या, त्याला आवडतं ते सगळं ठेवायचं, आणि तिसऱ्या वर्षी दुपारी त्याला निरोप देऊन टाकायचा. मग पुन्हा बोलवायचं नाही. निरोप दिला नाही तर तो अर्ध्या वाटेवर अडकतो आणि सोबतीला कुणाला तरी ओढतो. कुणाला ओढणार, हे मला दिसत होतं. एउसेबियालाही दिसत होतं. ती एका दुपारी खाणावळीत आली आणि मेलितोनच्या समोरच्या खुर्चीवर, सुपाच्या वाडग्यापुढे, सरळ जाऊन बसली. तिने खुर्ची सरकवली तेव्हा मेलितोनचा चेहरा असा झाला की मी पळी धरून थांबले.

"यंदा तिसरं वर्ष, ताता मेलितोन. निरोप द्यायचाय."

"तो जायला तयार नाही."

"तुम्ही विचारलंत?"

"रोज बरोबर असतो. विचारायचं काय त्यात?"

एउसेबियाने वाडग्याकडे पाहिलं. "माझ्याकडे तीन वर्षांत एकदाही आला नाही," ती म्हणाली. "दार उघडं ठेवून झोपते मी. बायको मी आहे त्याची. आणि तुमच्या गाडीत मात्र रोज बसतो."

मेलितोनने मान खाली घातली.

"गाडी सापडली तिथे क्रूस रोवायचाय," ती उठत म्हणाली. "त्याच्याच गाडीतून न्यायचाय. तुम्ही चालवायची. नाही म्हणालात तर मी चालत जाईन."

ती चालत गेली असती. म्हणून तो हो म्हणाला, आणि सिरियाकोचा सल्ला धाब्यावर बसवून मीही निघाले. गाडीची धर्ममाता मी. मरायला निघालेल्यांना जेवण कोण देणार?

सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मैदानावर उतरलो. पाणी अजून आलेलं नव्हतं. मीठ कोरडं आणि कडक होतं, चाकांखाली करकर वाजत होतं. हौद्यात क्रूस होता. तुनुपा डोंगराच्या उतारावर होतं ते केन्वाच्या झाडाचं लाकूड, वाकडंतिकडं पण भलतं टणक. दोन जाड तुकडे एउसेबियाने स्वतः तासून जोडले होते. मेलितोन तुनुपाचं टोक धरून गाडी हाकत होता. कुणी बोलत नव्हतं. बाहेर वाराही नव्हता. काठ मागे बुडाला, मग पुढचे डोंगर जमिनीपासून सुटून वर तरंगू लागले.

ठक.

मेलितोनने गाडी थांबवली, उतरला, फळकूट उघडलं, थांबला, लावलं. एउसेबिया आरशातून बघत होती. पुन्हा निघालो. पुन्हा ठक. पुन्हा तो उतरला. तिसऱ्या वेळी मी म्हणणार होते की बाबा रे, आता पुरे, इतक्यात खाली बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला. गाडी मागून उजवीकडे धपकन बसली, चाक कर्र करत हौद्याला घासलं आणि सगळं थांबलं. मारियाआईची तसबीर भोकावरून निसटून माझ्या मांडीवर पडली.

आम्ही उतरलो. कमान उघडी पडली होती. लोखंडाचा हातभर पाटा तुटून मिठावर पडला होता आणि एक्सल सिरियाको म्हणाला होता तशी मागे सरकली होती. मेलितोनने तिकडे पाहिलंही नाही. तो पश्चिमेकडे बघत होता.

"उतरला," तो म्हणाला.

"कोण उतरला?"

"तो काय, चाललाय."

मी त्याच्या बोटाच्या दिशेने पाहिलं. लांब, पांढऱ्यावर, एक काळी उभी रेघ थरथरत होती. कधी जमिनीला टेकायची, कधी सुटायची. बाटली असेल, असं मला म्हणायचं होतं. पण ती रेघ लांब लांब जात होती.

मेलितोन चालू लागला. टोपी नाही, चष्मा नाही, पाण्याचा डबा नाही. धावत नव्हता, रोज कामाला जातो तसा शांतपणे चालला होता. मी हाका मारल्या. शिव्या दिल्या. आईबापाचा उद्धार केला. त्या मैदानावर आवाज कुठे आपटत नाही, तोंडातून निघाला की संपतो. त्याच्या मागे जावं म्हणून मी चार पावलं टाकली आणि मागे वळून पाहिलं तर गाडी केवढीशी दिसत होती. मी पुढे गेले नाही. निकानोर असाच गेला होता. आता मला त्याचं तेव्हाचं चालत जाणं दिसलं, आणि मी तिथे उभी राहून लहान मुलासारखी रडले.

एउसेबिया रडली नाही. तिने तुटलेला पाटा उचलून डाव्या हातात टांगता धरला, जॅक फिरवायची लोखंडी टामी उजव्या हातात घेतली आणि एक घाव घातला. ठण्ण. एकच. थांबली. पुन्हा एकच. ठण्ण. पुन्हा थांबली.

एक थाप म्हणजे थांब.

लोखंडाचा आवाज माझ्या आवाजासारखा मेला नाही. तो त्या मिठावरून सरपटत गेला. मेलितोन थांबला. वळला नाही, पण थांबला. पलीकडची रेघ थरथरत होती. एउसेबियाने हात खाली घेतला. तिचा श्वास मला ऐकू येत होता, दुसरं काहीच ऐकू येत नव्हतं.

मग पश्चिमेकडून आवाज आला. ठण्ण, ठण्ण.

दोन.

त्या मैदानावर प्रतिध्वनी उठत नाही. उठायला भिंत लागते, डोंगर लागतो. आणि तिने मारला होता एक. मी एउसेबियाकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. तिच्या हातातली टामी निसटून पडली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, तीन वर्षांचं, आणि ती हसत होती की कण्हत होती ते मला कळलं नाही.

"उतरला," ती म्हणाली. "सांगून उतरला."

मेलितोन वळला आणि गेला होता तसाच शांतपणे परत आला. मी पुन्हा पश्चिमेकडे पाहिलं तेव्हा रेघ नव्हती. माझ्याजवळून जाताना तो फक्त एवढंच म्हणाला, "कोमाद्रे, थोडं पाणी दे." मी पाणी दिलं आणि मग त्याच्या पाठीत एक सणसणीत गुद्दा घातला.

त्यानंतर तो पुन्हा पहिला मेलितोन झाला. चष्मा लावला, गाडीखाली शिरला, बाहेर आला. "सीटखाली सिरियाकोच्या पट्ट्या आहेत. एक्सलवर टेकू द्यायला ओंडका हवा. ओंडका मिळाला तर हळूहळू काठ गाठू." सालारवर ओंडका कुठला? काडीसुद्धा नसते. आम्ही तिघांनीही एकाच वेळी हौद्याकडे पाहिलं.

"नाही," मेलितोन म्हणाला. "तो त्याचा आहे."

"त्याचाच आहे म्हणून सांगते," एउसेबिया म्हणाली. तिने क्रूस ओढून काढला आणि त्याच्या हातात दिला. "दुपार झाली, त्याची जायची वेळ झाली. जाता जाता आम्हाला घरी पोचव म्हणावं, आणि मग खुशाल जा." मग ती पश्चिमेकडे तोंड करून मोठ्याने बोलली, भांडण मिटल्यावर नवऱ्याशी बोलावं तशी. "ऐकलंस ना? जा आता. मी दार लावून घेते आजपासून."

मेलितोनने जॅक लावला, एक्सल पुढे रेटली, एक्सल आणि चासीच्या मधे क्रूस आडवा घातला आणि रबरी पट्ट्यांनी आवळून आवळून बांधला. आम्ही बैलगाडीच्या वेगाने परत निघालो. क्रूस खाली कुरकुरत होता, पण धरून होता. वाटेत एकदाही ठक झालं नाही. मेलितोनचा कान सगळा वेळ तिकडे होता.

काठ लागला आणि एउसेबिया म्हणाली, "ओढ्यावर घ्या."

"ओढ्यावर कशाला?"

"त्याचे सगळे कपडे धुतले. हीच एक धुवायची राहिली."

निकानोरचा शेवटचा सदरा पिळला त्याच दगडाशी गाडी लावली. मी सिरियाकोला निरोप धाडला, तो दुसऱ्या दिवशी सकाळी पाटे घेऊन आला, तोवर आम्ही बादल्यांनी पाणी मारत आणि सुऱ्यांनी चरबी खरवडत होतो. थर निघत गेले. थरांमधून रंगीत कागदाचे तुकडे सुटून पाण्यावर तरंगत जाऊ लागले, गुलाबी, पिवळे, मी स्वतःच्या हाताने उधळलेले. मेलितोन उजव्या कमानीशी उताणा पडला होता. एकाएकी त्याचा हात थांबला. मी वाकून पाहिलं. चरबीत चार बोटांचे माग होते, फासताना ओढलेले, खोल. मेलितोनने हळूच आपली बोटं त्यांत ठेवली. त्याची बोटं आखूड होती, मागांना पुरली नाहीत. तो तसाच पडून राहिला आणि त्याचं पोट हुंदक्यांनी हलू लागलं. कुणी घाई केली नाही. मग त्याने स्वतःच हात बाहेर काढला आणि म्हणाला, "पाणी मार, एउसेबिया."

चरबीखाली लोखंड नव्हतंच म्हणायचं. पापुद्रे होते, बोटाने सुटणारे. सिरियाकोने तुटलेल्या मेन पाट्याची कड पाहिली, काळी पडलेली. "हा कधीचाच तुटलाय. वर्ष तरी झालं. उरलेले पाटे कसेबसे तोलत होते, त्यातला एक काल गेला. गाडी कलायची ती यामुळे. ठकठकही याचीच." मेलितोनने मान डोलावली. पश्चिमेकडून आलेल्या दोन थापा कसल्या, ते आम्ही सिरियाकोला विचारलं नाही.

क्रूस आता मैदानावर उभा आहे. त्याच्या आडव्या लाकडावर एक्सलची खाच पडली आहे. ती तासून काढू नका, असं एउसेबियाने बजावलं होतं.

आठवड्याने मेलितोन जेवायला आला. गाडी दारापुढे उभी होती, चारही कोपऱ्यांनी सरळ. तो उतरला आणि सवयीने मागे वळून कोपऱ्याकडे बघत राहिला. मीही सवयीने दोन वाडगी भरून आणली, एक त्याच्यापुढे ठेवलं, दुसरं समोर.

तो दुसऱ्या वाडग्याकडे बघत होता. चमचा हातात होता, पण उचलत नव्हता.

"एकच, कोमाद्रे," तो म्हणाला. "आता एकच."

मी वाडगं उचलायला हात पुढे केला आणि मला ते जमेना. मग मी ती खुर्ची ओढली, त्याच्यासमोर बसले आणि स्वतःच प्यायला लागले. पहिला घोट तोंडात घेऊन मी थोडी थांबले. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"कसं झालंय?" त्याने विचारलं.

"खारट," मी म्हटलं. "मीठ जरा जास्तच पडलंय."

त्याने मान हलवली आणि आपलं सूप प्यायला सुरुवात केली.